कुंपणाचा कोनोकार्पस, पार्किंगमधला रेन ट्री आणि रोपांबरोबर येणारी कीड

गार्गी_पुणे | १९ मे, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत यंदा बाग समितीचं काम माझ्याकडे आलंय आणि पावसाळ्याच्या आत तीन गोष्टींचा निकाल लावायचा आहे.

एक. पश्चिमेच्या भिंतीलगत साधारण दोनशे फूट कोनोकार्पसचं कुंपण आहे. बिल्डरनेच लावून दिलेलं. बारा महिने हिरवंगार, दाट, पाणी घालावं लागत नाही. पण मागच्या पावसाळ्यात ड्रेनेज तुंबलं म्हणून चेंबर उघडला, तर आत मुळांचा जुडगा निघाला.

दोन. जास्वंदी पांढऱ्या कापसासारख्या किडीने भरल्यात. तीनदा फवारणी केली. पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

तीन. पार्किंगमध्ये जुना रेन ट्री आहे, इथे वाडा होता तेव्हापासूनचा. खालच्या गाड्यांवर चिकट थेंब पडतात. काही सभासद तो काढाच म्हणतात.

लँडस्केपवाल्याने दिलेला प्रस्ताव असा: सगळं काढायचं. कुंपणाला गोल्डन ड्युरांटा आणि कुंती मिळून सहाशे रोपं, पुढच्या बाजूला वीस फॉक्सटेल पाम. माल थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येईल म्हणाला. सभेत मला यावर बोलायचं आहे. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

---

वसुधा_म | १९ मे, सकाळी १०:०५

रेन ट्रीला हात लावू देऊ नका. बाकीचं सावकाश वाचून लिहिते.

---

रोपवाला_उरुळी | १९ मे, दुपारी १:३०

ताई, माझी सोलापूर रस्त्याला रोपवाटिका आहे. वडिलांपासूनचा धंदा. त्यामुळे आतली बाजू सांगतो.

कोनोकार्पस एवढा का खपला ते आधी बघा. छाट कलम लावलं की लागतं. मुरूम असो की बांधकामाचा राडारोडा, कुठंही उभं राहतं. गुरं तोंड लावत नाहीत, धूळ सोसतं. गिऱ्हाईकाला ताबा घ्यायच्या आत हिरवी भिंत हवी असते आणि सहा-आठ महिन्यांत ती देणारं दुसरं झाड सांगा. लोक मागत गेले, आम्ही लावत गेलो.

कडियमचा माल वाईट असतो असं मी म्हणणार नाही. राजमहेंद्रीजवळच्या त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या रोपांचंच काम चालतं, अर्ध्या भारताला शोभेची झाडं तिथून जातात. पण ट्रक भरताना चार-पाच ठिकाणचा माल एकत्र होतो. दोन दिवस ताडपत्रीखाली पानाला पान लागून प्रवास. एका पिशवीतली कीड उतरेपर्यंत पन्नास पिशव्यांत गेलेली असते. म्हणून बाहेरचा माल आला की मी तो वेगळ्या शेडनेटखाली तीन आठवडे ठेवतो, तिथली कात्रीसुद्धा वेगळी. थेट ट्रकमधून खड्ड्यात रोप लावणं मला पटत नाही. तुमच्या लँडस्केपवाल्याला हा एकच प्रश्न विचारा: माल उतरल्यावर किती दिवस बाजूला ठेवणार?

---

रानवाटा | १९ मे, संध्याकाळी ७:१५

कोनोकार्पसबद्दल थोडं. आपल्याकडे कुंपणाला दिसतो तो बहुतेक कोनोकार्पस लॅन्सिफोलियस, मूळ सोमालिया-येमेनकडचा. वाळवंटी किनाऱ्यावरच्या ओढ्यांच्या काठचं झाड, म्हणजे खोलवर पाणी शोधत जाणं हा त्याचा स्वभावच. तुमच्या चेंबरमध्ये त्याने तेच केलं. तेलंगणाने रोपवाटिकांमधून त्याला आधीच हद्दपार केलं होतं. गुजरातच्या वनविभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढून वनक्षेत्रात आणि बाहेरही त्याची लागवड थांबवली. त्यात दोन कारणं आहेत: थंडीत येणाऱ्या फुलांच्या परागांमुळे सर्दी, खोकला, दम्याचा त्रास, आणि मुळांमुळे ड्रेनेज, पाण्याच्या आणि दूरसंचाराच्या वाहिन्यांचं नुकसान.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. दोनशे फूट झाडी आणि तिच्यावर एक फुलपाखरू नाही, घरटं नाही. सकाळी उभं राहून बघा.

---

रोपवाला_उरुळी | १९ मे, रात्री ८:०२

रानवाटा, घरट्याचं बरोबर आहे. माझ्या मातृरोपांच्या ओळीत आजवर एक सुगरण बसलेली नाही.

---

कीटकस्नेही | २० मे, सकाळी ६:५०

गार्गीताई, जास्वंदीवर आहे तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. फवारणीने का जात नाही ते सांगते. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, औषध त्यावरून ओघळतं. अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित असतात. आणि फवाऱ्यात आधी मरतात ते त्याला खाणारे कीटक. पंधरा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा मैदान मोकळं.

आधी ओळख पटवा. एक ढेकूण काडीने चिरडा. पिवळं पाणी निघालं आणि स्पिरिटमध्ये टाकल्यावर निळसर काळा पडला, तर तो पपईवरचा पिठ्या. लालसर गुलाबी निघालं, शेंड्याची पानं चुरगळून गुच्छ झाली असतील, तर तो जास्वंदीचा गुलाबी पिठ्या. पाठीवर दोन काळ्या रेघांसारखे डाग असतील तर कपाशीवरचा.

पपईवाल्याची गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते. हा मूळ मेक्सिकोकडचा. २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि दोन-तीन वर्षांत पुण्यापर्यंत पोचला. पपया, तुती, जास्वंद, चाफा, काही सोडलं नाही. लोकांनी बागा उपटल्या. मग बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक ब्युरोने २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. त्यातली असेरोफॅगस पपाई सगळ्यांत कामाची निघाली. मिलीमीटरभर लांबीची ही माशी ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, आणि उरतं ते फुगीर, तपकिरी, कडक टरफल. थोड्याच काळात ती कीड आटोक्यात आली. आज पपई स्वस्तात खाताना तिची आठवण कुणाला होत नाही, मला होते.

आता तुमच्या जास्वंदीवर काय करायचं? फवारणी पूर्ण बंद. जास्त भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधा, कचऱ्यात मोकळे टाकू नका. उरलेल्यावर रोज सकाळी पाण्याचा जोरदार फवारा. आणि मुंग्यांकडे बघा! ढेकणाच्या अंगातून गोड पाणी निघतं, त्यासाठी मुंग्या त्याला राखतात, परोपजीवी माशीला हुसकतात. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून त्यावर ग्रीस लावा, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत.

एक कळकळीची विनंती. त्या पांढऱ्या पुंजक्यात एखादा मोठा, लांब झालर असलेला आणि भराभर चालणारा दिसला तर मारू नका. ती क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची अळी असते. पिठ्यासारखीच दिसते आणि पिठ्यालाच खाते. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला मित्रकीटक आहे तो.

---

गार्गी_पुणे | २० मे, सकाळी ८:२०

कीटकस्नेही, आत्ता खाली जाऊन बघून आले. पिवळं पाणी. आणि ते झालरवाले होते! आमचे माळीकाका गेल्या महिन्यात "मोठ्या किडी" वेचून रॉकेलमध्ये टाकत होते, मीच त्यांना डबा दिला होता. फार वाईट वाटलं. आज त्यांना झाडाजवळ नेऊन दाखवलं. आता तेच मुलांना दाखवतायत.

---

मिशिगनचा_मंदार | २० मे, रात्री ११:४५

इथे डेट्रॉइटच्या जवळ राहतो, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या गल्लीत एकेकाळी दोन्ही बाजूंना अ‍ॅशची झाडं होती. जुने शेजारी सांगतात, त्याच्याही आधी एल्म होते. एल्मवर बुरशीचा रोग आला आणि रस्तेच्या रस्ते उघडे पडले. मग महापालिकांनी त्याच्या जागी ओळीने अ‍ॅश लावला. २००२ मध्ये इथे एमराल्ड अ‍ॅश बोरर सापडला. आशियातला हिरवा चमकदार भुंगा, बहुधा पेट्यांच्या लाकडातून आलेला. त्याची अळी सालीच्या आत नागमोडी बोगदे पोखरते, झाडाचा रस वरखाली जाणं थांबतं. बाहेर दिसतं ते फक्त इंग्रजी डी अक्षरासारखं तीन-चार मिलीमीटरचं भोक, आणि ते दिसेपर्यंत झाड गेलेलं असतं. अमेरिकेत कोट्यवधी अ‍ॅश गेले. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला गावोगाव नेलं ते माणसांनी, सरपणातून आणि रोपवाटिकेच्या रोपांतून.

दुसरं उदाहरण शोभेच्या झाडाचं. एलँथस हे चिनी झाड १७८४ मध्ये फिलाडेल्फियात बागेची शोभा म्हणून आलं आणि देशभर माजलं. २०१४ मध्ये त्याच पेनसिल्व्हेनियात स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा तुडतुडा सापडला. त्याचं सगळ्यांत आवडतं झाड कोणतं? एलँथस. यजमान सव्वादोनशे वर्षं आधी येऊन जागा धरून बसला होता.

म्हणून गार्गी, सहाशे रोपं दोनच जातींची, हे वाचून मला धडकी भरली. इथे वृक्षतज्ज्ञ १९९० पासून एक ढोबळ नियम सांगतात: शहरात एका जातीची झाडं दहा टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) वीसहून, एका कुळाची तीसहून. कुंपणाला तो शब्दशः लागू करता येणार नाही, पण दिशा तीच.

---

भूमिपुत्र७२ | २१ मे, सकाळी ९:१०

मूळ दुखणं एकच. परदेशी झाडं. गुलमोहर, रेन ट्री, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, पिचकारी, सगळी काढा आणि देशी लावा. आपली झाडं, आपले पक्षी. टेकड्यांवर ग्लिरिसिडियाची एकसुरी लागवड करून काय झालं ते रोज फिरायला जाणाऱ्यांना दिसतंय.

---

वसुधा_म | २१ मे, सकाळी १०:३०

भूमिपुत्र, टेकड्यांबद्दल अनुमोदन. पण "सगळी काढा" याला माझा विरोध. देवळापुढचा चाफा मेक्सिको-मध्य अमेरिकेचा, बोगनवेल ब्राझीलची, चिंच आफ्रिकेची. यातली कुठली काढणार? बाहेरून आलेलं आणि माजलेलं यात फरक आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली, जलपर्णीसुद्धा तिच्या जांभळ्या फुलांसाठी जगभर नेली गेली. त्या माजल्या. बोगनवेल इतकी वर्षं कुंपणावरच आहे.

आणि उभा असलेला पन्नास-साठ वर्षांचा रेन ट्री हा आता कुठून आला यापेक्षा तो आज काय देतो ते बघा. त्याच्या सावलीत आणि बाहेर उन्हात दुपारी दोनदा उभं राहिलं की सभासदांना वेगळं समजवावं लागणार नाही.

---

भूमिपुत्र७२ | २१ मे, सकाळी ११:१५

वसुधाताई, चाफ्याचं मान्य. जुनं उभं झाड तोडा असं म्हणायचं नव्हतं, तसं वाचलं गेलं असेल तर शब्द मागे घेतो. नवीन लावताना तरी देशी लावा, एवढ्यावर ठाम आहे.

---

संत्रा_वरुड | २१ मे, रात्री ९:००

धागा आमच्या मुलीने दाखवला. बाकी चर्चेवर बोलत नाही, पण "कुंती" हा शब्द वाचला आणि नाव नोंदवून लिहायला बसलो.

आमच्या भागात संत्र्याच्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, सिट्रस सायला नावाची बारीक कीड येते. पाचरीसारखं अंग, शेपटाकडची बाजू वर करून बसते. नुसता रस शोषते तोवर एक वेळ निभावतं. पण ती ग्रीनिंग रोगाचे जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पानं ठिगळ लावल्यागत पिवळी होतात, फळ लहान, वाकडं, देठाकडं पिकतं आणि खाली हिरवं राहतं, फळगळ होते. झाड बरं होत नाही. मी माझ्या हातानं झाडं काढलीत. मृगाची फळं अंगावर असताना काढलीत.

कुंती ही लिंबाच्याच कुळातली. सायलाला तिची कोवळी पालवी फार आवडते. आणि कुंपण म्हटलं की तुम्ही ते सारखं छाटणार, म्हणजे बारा महिने नवी पालवी, म्हणजे सायलाला बारा महिने घर. अमेरिकेत फ्लोरिडात हेच झालं, सायला १९९८ ला सापडली, कुंतीच्या कुंड्यांबरोबर दुकानादुकानांतून राज्यभर गेली, २००५ ला रोग सापडला आणि त्यांची संत्राशेती बसली. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेतले लोक आम्हाला नवतीवर लक्ष ठेवा म्हणून सतत सांगतात. आम्ही बागेत राखण करतो आणि रस्त्याच्या पलीकडं बंगल्याला कुंतीचं कुंपण.

झाड वाईट नाही. फुलांचा वास सुरेख असतो. पण संत्रा, मोसंबी, लिंबाच्या पट्ट्यात ते लावू नका, आणि तिकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये चढवू नका.

---

रोपवाला_उरुळी | २१ मे, रात्री १०:२५

काका, वाचून गप्प बसलो होतो. मी कुंती विकतो. माझ्याकडून श्रीगोंदा-कर्जतकडं माल जातो, आणि तिकडं कागदी लिंबाच्या बागा आहेत. फळझाडांच्या रोपवाटिकेला १९६९ च्या कायद्यानं परवाना लागतो, तपासणी होते. शोभेच्या झाडाकडं त्या नजरेनं कुणी बघत नाही, आम्हीही बघितलं नाही. उद्यापासून त्या बाजूच्या गाडीत कुंती चढणार नाही. कढीपत्त्याचं काय? तोही त्याच कुळातला ना?

---

संत्रा_वरुड | २२ मे, सकाळी ६:१५

हो, सायला कढीपत्त्यावरही वाढते. घरात एखादं झाड असतं, रोज खुडतो, त्यामुळे नजर राहते. देताना कोवळा शेंडा उलटून बघा. पिल्लं नारिंगी-पिवळी, चपटी असतात आणि पांढरे मेणाचे दोरे सोडतात. दिसली तर ते रोप विकू नका. तुमच्या उत्तरानं बरं वाटलं.

---

भिकाजी_दापोली | २२ मे, दुपारी ३:४०

त्या वीस पामांबद्दल लिहितो. आमच्याकडे माडांवर सध्या रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीने उच्छाद मांडलाय. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा दिसली, तिथून किनाऱ्याने सरकत कोकणात आली. झावळीच्या खालच्या बाजूला गोल गोल पांढरी रांगोळी घातल्यासारखी अंडी घालते. तिच्या चिकट्यावर काजळीसारखी बुरशी चढते आणि माडाखालची केळी, जायफळ, मसाल्याची झाडं सगळी काळी दिसतात. माडाबरोबर शोभेच्या पामांवरही ती बसते. म्हणून शहरातले पाम पुण्याचे असोत की मुंबईचे, झावळ्या उलट्या करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आमच्या कृषी विद्यापीठाचे लोक आणि भाट्येच्या नारळ संशोधन केंद्रवाले सांगतात की विषारी फवारणी करू नका, एन्कार्सिया नावाची परोपजीवी माशी तिला मारते. तिने मारलेली पिल्लं काळी पडतात. काळे ठिपके वाढले की समजायचं काम चालू झालंय. पहिल्या वर्षी वाडीत आम्ही घाबरून फवारलं, दुसऱ्या वर्षी कीड दुप्पट. तिसऱ्या वर्षी हात आवरले, तेव्हा फरक पडला.

आणि मंदार, परदेशातून कीड येते तशी आपल्याकडून जातेही. माडाचा लाल सोंड्या भुंगा मूळ आपल्या बाजूचा. शोभेच्या खजुरांच्या रोपांतून तो १९८० च्या दशकात आखाती देशांत पोचला, १९९० च्या दशकात स्पेनमध्ये, आणि भूमध्य समुद्राभोवतीची खजुराची झाडं त्याने पोखरली. कुणाच्या तरी बागेला झटपट मोठी झाडं हवी होती.

---

ठाण्याची_शुभदा | २२ मे, संध्याकाळी ५:००

माझी भर: आफ्रिकन गोगलगाय. आमच्या सोसायटीत लाल मातीच्या कुंड्या आल्या आणि पहिल्या पावसानंतर मुठीएवढ्या गोगलगायी भिंतीवर. एक जण १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला तिची जोडी घेऊन आला आणि बागेत सोडली, तिथून ही देशभर पसरली. संध्याकाळी ओली गोणपाटं पसरायची, सकाळी त्याखालच्या गोळा करून मिठाच्या पाण्यात. हातमोजे घालूनच, कारण तिच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारे जंत असू शकतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकू नका, आमच्याकडे कुत्र्याच्या पिल्लाने खाल्ल्या होत्या. वाचलं, पण ती रात्र विसरणार नाही.

कुंडी आली की माती उकरून बघा. अंडी साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळसर पांढरी, पुंजक्याने असतात.

---

चिंतामणी_रावेत | २२ मे, संध्याकाळी ६:३०

थोडं अवांतर. सातवीण लावा असं कुणी सुचवणार असेल तर तिच्यासाठी दूरची जागा निवडा. दिवाळीच्या आसपास आमच्या खिडकीसमोरची सातवीण फुलते आणि बायको म्हणते वा, आई म्हणते खिडकी लाव. दोघींचंही खरं असतं.

---

वसुधा_म | २२ मे, संध्याकाळी ७:१०

चिंतामणी, आमच्याकडे उलट आहे. सासूबाई त्या वासासाठी खुर्ची बाहेर घेऊन बसतात.

---

वकील_सदाशिव | २३ मे, सकाळी ११:००

गार्गीताई, सभेत हे नक्की सांगा. शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खासगी आवारातलं असलं तरी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड "हेरिटेज" ठरतं आणि ते काढायचं झालं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. वाड्याच्या काळचा रेन ट्री असेल तर त्याचं वय आधी ठरवून घ्या. कोनोकार्पसची खोडं जाड झाली असतील तर त्यासाठीही अर्ज करून मगच करवत लावा.

---

कीटकस्नेही | २३ मे, दुपारी १२:४०

रेन ट्रीबद्दल राहिलं होतं. तो चिकटा म्हणजे वर पिठ्या आहे. मुंबईत रस्त्याकडेचे कितीतरी जुने रेन ट्री याच किडीने वाळले, त्यामुळे दुर्लक्ष नको. पण मुंबईत एक गोष्ट सगळीकडे दिसते, झाडं बुंध्यापर्यंत काँक्रीटमध्ये गाडलेली असतात. तहानलेलं झाड किडीला तोंड देऊ शकत नाही. तुमच्या पार्किंगमध्ये बुंध्याभोवती किती माती मोकळी आहे?

---

गार्गी_पुणे | २३ मे, दुपारी १:०५

वीतभर. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडलेत.

---

कीटकस्नेही | २३ मे, दुपारी १:२०

मग पहिलं काम तेच. निदान पाच-सहा फूट ब्लॉक काढा, मुळं न दुखवता माती भुसभुशीत करा, पालापाचोळा घाला, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी. वाळक्या आणि फार भरलेल्या फांद्या परवानगी घेऊन काढा. दोन गाड्यांची जागा जाईल.

---

रानवाटा | २४ मे, सकाळी ७:३०

कुंपणासाठी माझी निवड: अडुळसा, कोयनेल, तगर, निर्गुडी, मेंदी. पाचही छाटणी सोसतात. कोयनेल जुन्या बंगल्यांना सर्रास असायची, कात्रीने भिंतीसारखी कापता येते. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत आणि त्याच्या फुलांवर शिंजीर येतात. निर्गुडी थोडी मोकळी वाढते, तिला कोपरे द्या. एका जातीचा पट्टा पंधरा-वीस फुटांहून लांब ठेवू नका, म्हणजे एकावर कीड आली तरी पुढे दुसरं झाड आडवं येतं. कण्हेर मुद्दाम लिहिली नाही, लहान मुलं खेळतात आणि ती विषारी. ड्रेनेजच्या ओळीवर मात्र काहीच खोल मुळाचं नको, तिथे तगरच.

सगळं एका दिवसात उपटू नका. पश्चिमेचं ऊन एकदम अंगावर येईल आणि सभासद पुन्हा कोनोकार्पस मागतील.

---

रोपवाला_उरुळी | २४ मे, सकाळी ९:००

यातलं कोयनेल आणि अडुळसा आमच्याकडं कुणी विचारत नाही म्हणून दहा वर्षं लावलंच नाही. छाटं मिळवतो. ताई, माल माझ्याकडूनच घ्या असं नाही, पण कुठूनही घ्या, हे बघा: पिशवीतून गड्डा अलगद बाहेर काढायचा. मुळं पांढरट, ताजी हवीत. पिशवीच्या कडेनं गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप जुनं आहे, जमिनीतही तसंच फिरत राहील. मुळांवर पांढरी पीठ सांडल्यागत दिसली तर मुळावरचा पिठ्या. गड्ड्यात हुमणीची सी आकारात वळलेली अळी नाही ना बघायची. मग पानांची खालची बाजू, मग शेंडा. एका रोपाला दोन मिनिटं लागतात. कोणी घाई केली तर त्याच्याकडून घेऊ नका.

---

गार्गी_पुणे | २८ जुलै, रात्री ९:१५

मंडळी, दोन महिन्यांनी येतेय. सभा चार तास चालली. वकीलसाहेबांचा मुद्दा मांडल्यावर रेन ट्रीचा ठराव बारगळला. परवानगी घेऊन वाळक्या फांद्या काढल्या, बुंध्याभोवती सहा फूट माती मोकळी केली. ज्या दोघांची पार्किंगची जागा गेली त्यातले एक आमच्या बाबांचेच मित्र, त्यांना कोपऱ्यात जागा दिली. चिकटा अजून पडतो, पण कमी. नवी पालवी आली आहे.

जास्वंदीवर दोन महिन्यांत एकही फवारणी नाही. पट्ट्या लावल्यापासून मुंग्या वर दिसत नाहीत. मागच्या आठवड्यात माळीकाकांनी हाक मारून तपकिरी, कडक टरफलं दाखवली, प्रत्येकाला बारीक गोल भोक. कीटकस्नेही, तुमची माशी आमच्याकडे पोचली!

कोनोकार्पसचे पहिले साठ फूट काढले, तेही चेंबरच्या बाजूचे. बाकी पुढच्या दोन पावसाळ्यांत. पाम रद्द.

आज त्या साठ फुटांची रोपं आली. अडुळसा, कोयनेल, तगर, मेंदी. गच्चीखाली चटई टाकून आम्ही सहा जणांनी एकेक गड्डा काढून बघितला. तीन तास लागले. चार तगरींच्या मुळांना पीठ होतं आणि एका पिशवीत त्या साबुदाण्यासारख्या अंड्यांचा पुंजका. पाचही परत केली. बाकीची मागच्या अंगणात तीन आठवडे वेगळी ठेवली आहेत, कात्री वेगळी.

---

रोपवाला_उरुळी | २८ जुलै, रात्री ९:४०

ती तगर माझ्याकडचीच होती ताई. गडी सांगत आला, तेव्हा अख्खी ओळ काढून तपासली. अजून नऊ निघाली. जाळली. बदली रोपं शनिवारी पाठवतो, मी स्वतः येतो, तुमच्यासमोर गड्डे उघडू.

---

संत्रा_वरुड | २८ जुलै, रात्री १०:०५

ड्युरांटाचं नाव यादीत दिसलं नाही. कुंती पण नाही ना?

---

गार्गी_पुणे | २८ जुलै, रात्री १०:०८

एकही नाही, काका.